अकरा वेळा नाकारलेला ड्रॉइंग मास्तर

पहिल्याच बैठकीला चौघं विद्यार्थी गायी घेऊन आले. फोनवर एकामागोमाग एक चित्रं सरकत होती. कुरणातल्या गायी, तबेल्यासमोरचा घोडा, पुन्हा गायी. "मॅडम, जनावरं काय जबरदस्त काढलीत! वॉटरकलर असून एकदम ऑइलसारखी वाटतात." वाटणारच, ऑइलच होती ती. आणि ती आम्हाला हव्या असलेल्या फ्रान्सिस टाउन या अठराव्या शतकातल्या इंग्लिश जलरंगकाराची नव्हती, चार्ल्स टाउनची होती. हा चार्ल्स लिव्हरपूलचा, जनावरांची चित्रं काढणारा, आमच्या फ्रान्सिसपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. आडनाव एक, माणसं दोन. शिवाय आडनाव असं की स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर टाइप करायचं राहिलं, तर शोधयंत्र चित्रकाराऐवजी गावंच दाखवत सुटतं.

फाइन आर्टचं तिसरं वर्ष, कलेतिहासाचा पेपर. अंतर्गत मूल्यमापनासाठी गटाने बारा मिनिटांचं प्रेझेंटेशन करायचं आणि पुढची तीन मिनिटं प्रश्न. मी अट घातली होती की चित्रकार इंग्लिश हवा, जलरंगातला हवा आणि आपल्या क्रमिक पुस्तकात नसलेला हवा. न घालून करते काय? आदल्या वर्षी सात गटांपैकी पाच जणांनी टर्नर केला होता आणि पाचही जणांनी तोच एक धुक्यातला सूर्य दाखवला होता. या वर्षी मी एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि या चौघांना टाउन निघाला.

चौघं म्हणजे बार्शीचा एक (घरचा धंदा बोर्ड रंगवण्याचा), चिपळूणची एक (वडील शाळेत चित्रकलेचे शिक्षक), नागपूरची एक आणि ज्याच्याकडे लॅपटॉप होता तो पुण्याचा. चिठ्ठी उघडल्यावर पुण्याचा म्हणाला, "हा कोण? याच्यावर काय मिळणार?" मिळणार भरपूर होतं. लंडनच्या पॉल मेलन सेंटर या कलेतिहासाच्या संशोधन संस्थेने टाउनच्या समग्र चित्रांची सूची २०१६ साली ऑनलाइन खुली केली आहे, त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमने त्याच्या रोमच्या जलरंगांचं प्रदर्शन भरवलं होतं. अडचण मजकुराची कधीच नव्हती. अडचण मांडणीची होती, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं तेही त्यासाठीच.

आठवड्याने पहिला आराखडा आला. अठरा स्लाइड. शीर्षक 'काळाच्या पडद्याआड गेलेला महान कलावंत'. जन्म, बालपण, शिक्षण, प्रवास, विवाह, मृत्यू, आणि मग चार स्लाइड चित्रांच्या, प्रत्येकीवर सहा. जन्मसाल दुसऱ्या स्लाइडवर १७४० आणि सतराव्या स्लाइडवर १७३९. दोघींनी दोन ठिकाणांहून उतरवलेलं, आणि ते जोडताना कोणी वाचलं नव्हतं.

साल गौण आहे. जुन्या लिखाणात १७४० आढळतं, हल्ली १७३९ लिहितात. मला खटकला तो 'महान' आणि त्याच्या शेजारचा 'उपेक्षित', कारण उपेक्षित कोणाच्या तुलनेत? वर्गातल्या तीस जणांपैकी प्रसिद्ध इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलचं एक तरी चित्र मनात आणू शकतील असे फार तर पाच. ज्यांना प्रसिद्ध कोण ते ठाऊक नाही, त्यांना 'हा कमी प्रसिद्ध आहे' असं सांगणं म्हणजे पत्ता माहीत नसलेल्याला शॉर्टकट दाखवण्यातली गत. बारा मिनिटांतली पाच मिनिटं अन्यायाची कैफियत मांडण्यात जाणार आणि तोवर एकही चित्र नीट दिसलेलं नसणार.

तरी चरित्र टाळता येत नव्हतं, कारण त्यातच एक गोम होती. टाउन लंडनजवळच्या आयझलवर्थचा. बाराव्या-तेराव्या वर्षी, १७५२ मध्ये, तो एका कोच पेंटरकडे शिकाऊ म्हणून लागला. कोच पेंटर म्हणजे श्रीमंतांच्या घोडागाड्या रंगवणारा. दारावर घराण्याची चिन्हं काढायची, कडेने बारीक रेघ ओढायची, वर रंगाचे आणि व्हार्निशचे हात द्यायचे. पुढे त्याच धंद्याच्या कामाने तो नैऋत्य इंग्लंडमधल्या एक्सेटरला गेला आणि तिथेच राहिला. आसपासच्या डेव्हन परगण्यातल्या बड्या घरांतून चित्रकला शिकवू लागला आणि त्यावर त्याने चांगले पैसे मिळवले. उपाशी मेलेला कलावंत वगैरे काही नाही. पण त्याला रॉयल अकॅडमी या लंडनमधल्या चित्रकारांच्या मानाच्या संस्थेचं सभासद व्हायचं होतं. अकरा वेळा प्रयत्न केला, अकरा वेळा हुकलं. आणि कोणीतरी त्याला 'प्रांतिक ड्रॉइंग मास्तर' म्हटलं. ते त्याला इतकं लागलं की १८०३ साली चित्रकार मित्र ओझायस हम्फ्री याला लिहिलेल्या पत्रात त्याने ती जखम उघडी केली.

ही स्लाइड चिपळूणची करत होती. हे वाक्य वाचून ती थांबली. "मॅडम, हे 'ड्रॉइंग मास्तर' इंग्लिशमध्येपण असंच लागतं?" शाळेत पीटीचे आणि चित्रकलेचे सर यांना स्टाफरूममध्ये कोणती खुर्ची मिळते, गणिताचा पोर्शन राहिला की कोणाचा तास जातो, हे तिला घरूनच ठाऊक होतं. वडील दर वर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतात आणि स्वतःची निसर्गचित्रं लोखंडी पेटीत ठेवतात, एवढं तिने सांगितलं आणि विषय बदलला. मीही वाढवला नाही. पण दुसऱ्या दिवशी नवीन शीर्षक आलं होतं, 'एक्सेटरचा ड्रॉइंग मास्तर'. 'महान' गेला, 'उपेक्षित' गेला. नवं शीर्षक कुणाची दया मागत नव्हतं. मला आवडलं.

दुसऱ्या बैठकीत मी सांगितलं, अठराच्या नऊ स्लाइड करा आणि एका चित्राला चार मिनिटं द्या. कोणतं, ते तुम्ही ठरवा.

त्यांनी निवडलं 'आर्वेरोंचा उगम', १७८१. टाउन १७८० साली इटलीला गेला, रोममध्ये राहिला, थोडे दिवस नेपल्सला गेला आणि १७८१ मध्ये जॉन 'वॉरिक' स्मिथ या चित्रकाराबरोबर आल्प्समार्गे परतला. शामोनीच्या खोऱ्यात हिमनदीच्या तोंडातून आर्वेरों नावाचा प्रवाह बाहेर पडायचा. तिथे त्याने ही चित्रं केली. चित्रं, अनेकवचनी, कारण एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि दुसरं टेट गॅलरीत. पोरांनी एकाचं चित्र लावून खाली दुसऱ्याची मापं दिली होती. ही चूक सुधारताना एक चांगली गोष्ट हाती लागली. पहिलं सुमारे ४२ बाय ३१ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास ए-थ्री. दुसरं ३१ बाय २१, म्हणजे ए-फोरपेक्षा जेमतेम मोठं. प्रोजेक्टरवर दोन्ही भिंतभर दिसणार आणि मुलांना वाटणार की कॅनव्हास आहे. नागपूरचीने सुचवलं की बोलायला सुरुवात करण्याआधी एक कोरा ए-थ्री आणि एक कोरा ए-फोर वर्गात फिरवायचा. एवढ्या कागदात अख्खी हिमनदी आणि मागे मोंब्लां शिखर. साधी युक्ती, पण अठरा स्लाइडमध्ये ती कुठेच नव्हती.

पुण्याच्याने त्याच जागेचा आजचा फोटो शोधून शेजारी लावला आणि गोंधळून बसला, कारण फोटोत बर्फच नव्हतं. अठराव्या शतकाच्या शेवटी ती हिमनदी खोऱ्याच्या तळापर्यंत, वस्तीजवळ उतरलेली होती. आता ती वर कुठच्या कुठे सरकली आहे. त्याला पर्यावरणावर एक स्लाइड करायचा मोह झाला. मी नको म्हटलं. आज वाटतं, तिथे मी जरा घाई केली.

चित्राकडे येऊ. वरून उतरत येणारे डोंगराचे प्रचंड आकार, त्यांच्यामध्ये हिमनदीचं फिकट अंग, आणि आकाशाला वर उरलीसुरली जागा. प्रत्येक आकाराभोवती पेनाची रेघ. आत सपाट, पातळ रंग. झाडाचं पान नाही, खडकाचा खडबडीतपणा नाही. पाण्याचे तुषारही नाहीत. जिथे रंग नको तिथे कागद तसाच पांढरा सोडलेला. त्या काळात आल्प्सचं चित्र म्हणजे वादळ, वीज, कोसळणारे कडे. इथे काहीच कोसळत नाही, आणि तरी छाती दडपते.

"जपानी प्रिंटसारखं आहे," पुण्याचा म्हणाला, आणि पुढच्या मसुद्यात सरळ विधान आलं: 'टाउनवर जपानी छापचित्रांचा प्रभाव दिसतो.' मी त्याला दोन तारखा शोधायला लावल्या. प्रसिद्ध जपानी छापचित्रकार होकुसाईचा जन्म १७६०चा. म्हणजे टाउन आर्वेरोंपाशी बसला तेव्हा हा पोरगा एकवीस वर्षांचा, आणि त्याची फुजी पर्वताची मालिका यायला अजून पन्नास वर्षं होती. जपानने तेव्हा युरोपातल्या लोकांपैकी फक्त डचांना नागासाकीत व्यापार करू दिला होता. एक्सेटरच्या मास्तराकडे जपानी प्रिंट कुठून येणार? "मग दिसतं का तसं?" त्याने विचारलं. हा त्या चौघांनी विचारलेला पहिला खरा प्रश्न.

उत्तर बार्शीच्याने दिलं. तोवर हा मुलगा फारसा बोललाच नव्हता. त्याच्या वाट्याला 'संदर्भ आणि आभार' ही स्लाइड आली होती, यावरून काय ते समजा. तो लॅपटॉपजवळ गेला, चित्र मोठं केलं आणि म्हणाला, "ही रेघ बोर्डवाल्याची आहे. बघा ना, कुठं थांबत नाही. आम्ही आधी आऊटलाईन मारतो, मग फिलिंग. फिलिंगमध्ये ब्रशचा फटका दिसला तर बाबा बोर्ड पुसायला लावतात." मग त्याने तर्जनीने हवेत एक लांब वळण काढलं, मनगट न हलवता, कोपरापासून. "हे शिकायला दोन वर्षं जातात. गाडीच्या दारावर काढत होता म्हणाला ना तुम्ही? मग त्याला आलंच पाहिजे."

आता हे सिद्ध करता येत नाही. कोच पेंटिंगमुळेच टाउनची रेषा अशी झाली, असं मी पेपरात कुणाला लिहू देणार नाही. इटलीतून परतणारा चाळिशीतला माणूस, मध्ये वीस वर्षांचा सराव, रोममध्ये पाहिलेलं बरंच काही. पण जपानचा प्रभाव आणि बोर्डवाल्याचा हात या दोन तर्कांपैकी कुठला टिकाऊ, हे पोरांना विचारावं लागलं नाही. पहिल्याला तारखा आडव्या येत होत्या, दुसऱ्याला निदान तारखांचा अडथळा नव्हता. त्यांनी स्लाइडवर 'कदाचित' हा शब्द घातला आणि तो भाग बार्शीच्याकडे दिला. 'संदर्भ आणि आभार' पुण्याच्याकडे गेलं.

पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिलाच होता. आपल्याला ते चित्र आधुनिक का वाटतं? आणि शंभर वर्षं कोणालाच का वाटलं नाही?

इथे मी शिकवलं, ते कबूल करते. जलरंग तेव्हा अकॅडमीत दुय्यम. त्यांना चित्र म्हणतच नसत, 'ड्रॉइंग' म्हणत, आणि केवळ त्यांच्या बळावर सभासदत्व मिळत नसे. टाउन अकॅडमीच्या प्रदर्शनात पाठवायचा ती तैलचित्रं. जलरंग घरीच ठेवायचा, शिष्यांना आणि पाहुण्यांना दाखवायचा, कोणी मागितलं तर त्यावरून नवीन करून द्यायचा. १८०४ साली जलरंगवाल्यांनी वैतागून आपली वेगळी संस्था काढली आणि १८०५ मध्ये लंडनच्या लोअर ब्रुक स्ट्रीटवर पहिलं प्रदर्शन भरवलं. त्याच वर्षी, त्याच जागेत, टाउननेही आपलं एकट्याचं प्रदर्शन मांडलं. जवळपास दोनशे चित्रं. तेव्हा तो पासष्टीला आला होता. बाजार मात्र पुढे गेला होता. गिर्टिन नावाचा पोरगा १८०२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी मेला होता, पण जाण्याआधी जलरंगाला तैलचित्राचं वजन कसं द्यायचं हे दाखवून गेला होता. त्यापुढे टाउनची रेघ आणि सपाट रंग जुनाट वाटली असणार, अर्धवट सोडल्यासारखी. १८०७ मध्ये त्याने एका फ्रेंच नर्तकीशी लग्न केलं, वर्षभरात ती वारली, १८१६ मध्ये तो गेला.

जाताना त्याने एक हुशारी केली. रोमची चित्रं ब्रिटिश म्युझियमच्या नावे केली. बाकीची त्याचा मित्र मेरिव्हेल याच्या घराण्याकडे गेली आणि एक्सेटरजवळच्या बार्टन प्लेस या घरात राहिली. शंभर वर्षं. मग पॉल ऑपे हा सरकारी नोकरीतला माणूस, जुन्या ड्रॉइंगचा नादिष्ट संग्राहक, त्या घरापर्यंत पोचला आणि १९२०च्या सुमारास त्याने टाउनवर सविस्तर लेख लिहिला. दरम्यान १९१० साली लंडनने सेझान, गोगां, व्हॅन गॉग या आधुनिक चित्रकारांचं ते गाजलेलं प्रदर्शन पाहिलं होतं, त्याला नावं ठेवली होती आणि हळूहळू त्याची सवय करून घेतली होती. सपाट रंग आणि ठाम रेघ यांना आता कोणी अर्धवट म्हणत नव्हतं. चित्र तेच होतं. बघणारे बदलले होते. ऑपेचा संग्रह १९९६ मध्ये टेटकडे आला आणि ए-फोरएवढं आर्वेरों त्यातलंच.

नागपूरचीने हे सगळं एका स्लाइडवर बसवलं: डावीकडे १७८१, उजवीकडे १९२०, मध्ये आर्वेरों. खाली एक ओळ: 'या दोन सालांत चित्रात काय बदललं?' उत्तर नाही. उत्तर वर्गाने द्यायचं.

रंगीत तालमीला प्रोजेक्टरने दगा दिला. आमच्या सभागृहातला दिवा पिवळा मारतो. आर्वेरोंच्या हिमनदीतला फिकट करडा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, पडद्यावर पार उडाला, उरली नुसती रेघ, आणि चित्र रंगवायच्या पुस्तकातल्या पानासारखं दिसायला लागलं. ज्या फरकावर सगळं बोलणं उभं होतं तोच दिसेना. पुण्याच्याने कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला, तर सगळं डांबरासारखं झालं. मूळ चित्रंसुद्धा म्युझियमात बहुतेक काळ अंधाऱ्या पेटीत असतात आणि बाहेर काढली तरी साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात लावतात, नाहीतर रंग उडतो. जलरंगवाला कमी माहीत असण्याचं हेही एक साधं, भौतिक कारण. हे वाक्य त्यांनी लगेच टिपून घेतलं. पण उद्याचं काय?

चिपळूणची म्हणाली, "करूनच दाखवू." हँडमेड कागद बोर्डावर ताणला, बोर्डाखाली डस्टर सरकवून उतार दिला. पेनाची डोंगररेघ बार्शीच्याने आधीच ओढून ठेवायची. मग वर्गासमोर तिने पेन्सग्रे, म्हणजे निळसर करडा रंग, पातळ करून मोठा गोल ब्रश भरायचा आणि वरून एक आडवा पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या खालच्या काठाला पाणी साचतं, ते वाळायच्या आत पुढच्या पट्ट्याने खाली आणायचं. मध्ये थांबलं की कडा धरते, मागे जाऊन दुरुस्त करायला गेलं की डाग. पहिल्या वर्षी आम्ही हा सराव करून घेतो आणि सगळी मुलं त्याला कंटाळतात. सपाट वॉश सोपा दिसतो म्हणून त्याला कोणी मोजत नाही. तालमीत तिचे तीन कागद बिघडले. चौथा जमला. फॅन बंद करायचा, हे तिसऱ्या कागदाने शिकवलं.

आणखी एक गोष्ट तिने स्वतःच शोधली होती आणि माझ्या नजरेतून निसटली होती. टाउन चित्राच्या पाठीमागे लिहून ठेवायचा. जागा, क्रमांक, तारीख, दिवसाची वेळ आणि उजेड कुठल्या हाताने येतो ते. रोमच्या चित्रांमागे हे फार आहे. शिकवणाऱ्याची सवय, ती म्हणाली. तिच्या वडिलांच्या चित्रांमागेही 'सकाळ, ९' असं काहीतरी असतं म्हणे. तिने ती पाठीमागची नोंद वेगळी स्लाइड करून घातली आणि कोणाला विचारलं नाही.

प्रेझेंटेशन बारा मिनिटांऐवजी सव्वाचौदा मिनिटं चाललं. वॉश वाळेपर्यंत बार्शीचा बोलत राहिला, आणि त्याला एकदा बोलायला मिळाल्यावर थांबवणं कठीण. कोरे कागद फिरवले तेव्हा मागच्या बाकांवर पहिल्यांदा हालचाल झाली. 'या दोन सालांत चित्रात काय बदललं?' यावर कोणीतरी 'रंग उडाला' म्हणालं, आणि ते उत्तर चुकीचंही नव्हतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जन्मसाल विचारलं. नागपूरचीने दोन्ही सांगितली, का दोन तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं की टाउन १७८६ मध्ये लेक डिस्ट्रिक्टला गेला होता, ती चित्रं का नाहीत. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुण्याचा म्हणाला, "सर, ती आम्ही नीट बघितली नाहीत." वीसपैकी सोळा पडले. दोन गुण वेळेचे गेले. बाकीचे दोन कशाचे, ते परीक्षकांनी लिहिलं नाही.

वॉशचा तो कागद अजून स्टुडिओच्या फळ्याला टाचणीने लावलेला आहे. परवा काढून पाहिला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: दु. ११.४०, उजेड डावीकडून, फॅन बंद.